पंधरा पिनांचं स्थळ

मला सांगून आलेली बहुतेक स्थळं मी विसरले आहे. एकाचे कान आठवतात, एकाची आई आठवते, एक जण पूर्ण वेळ आमच्या भिंतीतली ओल न्याहाळत बसला होता एवढं आठवतं. श्रीरंग मात्र मला बुटाच्या लेसपर्यंत आठवतो, कारण तो मला बघायला येताना कॉम्प्युटरचा मॉनिटर घेऊन आला होता. घेऊन आला म्हणजे रिक्षावाला आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन असे दोघं मिळून ते धूड तीन मजले चढवत होते, आणि हा पुढे रिकाम्या हातानं 'केअरफुल, केअरफुल' करत येत होता. वर पोचल्यावर त्या दोघांना पाणी विचारावं हे आईला सुचलं. त्याला नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला पूर्वेला राहत होतो. दोन खोल्या आणि बंद करून घेतलेली एक गॅलरी. वडील, म्हणजे अप्पा, ठाण्याच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते, आणि जी शिस्त शाळेतली मुलं पाळत नसत ती ते घरी आईकडून आणि माझ्याकडून पाळून घेत. गॅलरीत माझा कॉम्प्युटर होता. बी.कॉम. झाल्यावर मी डीटीपीचा कोर्स केला होता आणि कल्याणला मोकाशींचा छापखाना होता, तिथली अक्षरजुळणीची कामं घरी आणून करत होते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, दहावीची गाइडं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एक अख्खा दिवाळी अंक. अप्पा या सगळ्याला 'टायपिंग' म्हणायचे. पाहुण्यांना सांगताना 'वेळ जावा म्हणून काहीतरी करते' असं म्हणायचे, जसं काही मी गॅलरीत बसून क्रोशाचे रुमाल विणत होते. प्रिंटर सुरू झाला की पत्रा खरवडल्यासारखा आवाज व्हायचा, खालच्या मजल्यावरचे जोशी काठीनं छत ठोकायचे, आणि आई स्वैपाकघरातून ओरडायची, "अगं, माझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत!" भात त्या वर्षी आम्ही बऱ्याचदा गिचका खाल्ला.

माझा जुना मॉनिटर होता काळापांढरा आणि एवढासा. दिवाळी अंकाचं एक पान त्यावर पुरं मावायचं नाही, वरचा तुकडा, मधला तुकडा, खालचा तुकडा असं बघावं लागायचं. मुखपृष्ठाचे रंग तर मी नुसते मनात धरून करायची. मला मोठा रंगीत मॉनिटर हवा होता, ही गोष्ट मी कधीतरी नलूआत्याजवळ बोलले, आणि तिथेच घोटाळा झाला. नलूआत्या ही अप्पांची थोरली बहीण. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोमागे राहायची, दिवसभर गाड्यांच्या घोषणा ऐकून ऐकून तिचाही आवाज तसाच झाला होता, आणि ती नात्यातल्या सगळ्यांची लग्नं जमवायची. पुढे ती कशी निघाली याची चौकशी मात्र तिनं कधी केली नाही. ती एका रविवारी आली आणि म्हणाली, "मुलगा अमेरिकेत राहून आलाय. कॉम्प्युटरमध्ये आहे. आणि आपली शुभाही कॉम्प्युटरमध्येच. आणखी काय पाहिजे?" कॉम्प्युटर हे तिच्या मते वाडा तालुक्याच्या पुढचं एखादं गाव असावं, जिथले सगळे एकमेकांना ओळखतात.

त्या मुलाकडे तिकडून आणलेला एक रंगीत मॉनिटर पडून होता. तो मुलीला भेट द्यावा, त्या निमित्तानं यावं, बघणं-बिघणं असं काही वाटू नये, सगळं कसं आधुनिक व्हावं, अशी आत्याची योजना. अप्पांना ती इतकी आवडली की त्यांनी आदल्या दिवशी ठाण्याहून पेस्ट्र्या आणल्या. आमच्या घरात पेस्ट्री हा पदार्थ तोवर आला नव्हता. आईनं आपलं मुकाट्यानं अळूवड्या केल्या, खोबरं-कोथिंबीर पेरली, आणि पेस्ट्र्या दुसऱ्या बशीत, जरा लांब ठेवल्या.

श्रीरंगनं अळूवडी उलटीपालटी करून पाहिली आणि "ऑइली आहे ना जरा" असं म्हणून बाजूला सारली. पाणी तो स्वतःच्या बाटलीतून प्याला. अमेरिकेत तो सगळा मिळून वर्षभर राहिला होता, पण बोलण्यावरून वाटे की डोंबिवलीत तो नुकताच विमान चुकल्यामुळे उतरला आहे. अप्पा आपल्या शाळेत एखाद्या मुलानं 'ॲक्च्युअली' म्हटलं तर त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. त्या दिवशी ते प्रत्येक 'ॲक्च्युअली'ला मान डोलावत होते.

मग आम्ही सगळे गॅलरीत गेलो. मावत नव्हतो, म्हणून आत्या आणि अप्पा दारात उभे राहिले. श्रीरंगनं माझा जुना मॉनिटर विचारल्याशिवाय काढला, मी उघडून ठेवलेलं पान बंद न करता कॉम्प्युटर सरळ बटणानं बंद केला, आणि नव्या मॉनिटरची केबल हातात घेऊन कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकला. आता इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या कॉम्प्युटरची मॉनिटर लावायची जागा पंधरा भोकांची होती, पाच-पाचच्या तीन ओळी. श्रीरंगच्या मॉनिटरच्या केबलीलाही पिना पंधराच होत्या, पण दोन ओळींत, वर आठ आणि खाली सात. तिकडे चित्रं-जाहिराती करणारी माणसं वेगळ्याच जातीचा कॉम्प्युटर वापरत, त्याच्यासाठी केलेली ती केबल. माझ्या तीन ओळींच्या जागेत ती जाणं शक्यच नव्हतं. मात्र माझ्या कॉम्प्युटरला शेजारीच आणखी एक जागा होती, दोन ओळींची, आठ आणि सात, अगदी तिच्याच मापाची. ती होती जॉयस्टिकसाठी, म्हणजे खेळ खेळायच्या दांडीसाठी. चित्राशी तिचा काडीचाही संबंध नाही. मला हे ठाऊक होतं, कारण कॉम्प्युटर जोडून दिला त्या दिवशी मी मागची एकेक जागा कशाची ते विचारून घेतलं होतं.

श्रीरंगनं आधी तीन ओळींच्या जागेवर केबल टेकवली, जोर लावला, मग शेजारची जागा दिसली तिथे लावली. ती छान बसली. त्यानं दोन्ही बाजूंचे स्क्रूसुद्धा आवळले.

मी म्हटलं, "ती जॉयस्टिकची जागा आहे."

"पंधरा पिन आहेत," तो वर न बघता म्हणाला. "फिफ्टीन इज फिफ्टीन."

"पण मॉनिटरची जागा ती तीन ओळींची–"

"शुभा," अप्पा दारातून म्हणाले. एवढंच म्हणाले. मुख्याध्यापकांचा तो आवाज मी ओळखत होते.

कॉम्प्युटर सुरू केला. मॉनिटरचा हिरवा दिवा लागला आणि पडदा काळा तो काळाच. आत्या म्हणाली, "छान आहे हो, केवढा मोठा!" श्रीरंगनं केबल हलवली, मॉनिटरच्या डोक्यावर चापट मारली, मग माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. मी दिला नाही, अप्पांनी शोधून दिला. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली कार्डं एकामागून एक उपसली, फुंकली, पुन्हा खुपसली, आणि स्क्रू ठेवायला जागा नव्हती म्हणून ते अळूवडीच्या बशीत ठेवले. शेवटी हात झटकत म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. इंडियन असेंब्ली म्हटल्यावर असंच होणार." मग अप्पांकडे वळून हसत, "एनीवे, नंतर हिला काही टायपिंगची गरज पडणार नाही."

अप्पा हसले. मी त्या हसण्याला आजही माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करणारही नाही.

ते लोक गेल्यावर मी गॅलरीचं दार लावून घेतलं.  दिवाळी अंकाचा निम्मा मजकूर त्या डब्यात होता, आणि मोकाशींनी हे काम एका मुलीला दिलं म्हणून कल्याणात त्यांना हसणारी माणसं होती. बशीतले स्क्रू फडक्यानं पुसले, कार्डं काढून नीट बसवली, जुना मॉनिटर त्याच्या जागी लावला, आणि बटण दाबलं. सगळं सुरू झालं. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. शेवटचं पान तेवढं गेलं, ते मी पुन्हा केलं. आई चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "चालतंय की." मी म्हटलं, "त्याला सांगायचं नाही." ती म्हणाली, "मी कोणाला काय सांगते?"

तो रंगीत मॉनिटर मात्र कोपऱ्यात बसून होता आणि मला तो हवा होता. मॉनिटरचा काही दोष नव्हता. त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर आपली वीज चालेल असं लिहिलेलं होतं, आणि आमच्यासारख्या कॉम्प्युटरलाही चालेल असंही होतं. मध्ये फक्त एक अडॅप्टर हवा होता, एका तोंडाला दोन ओळी आणि दुसऱ्या तोंडाला तीन. दुकानदारांना तोंडी सांगून उपयोग नसतो हे मला माहीत होतं, म्हणून मी धुण्याच्या साबणाची नवी वडी घेतली, तिच्या एका बाजूवर मॉनिटरच्या केबलीच्या पिना दाबल्या, दुसऱ्या बाजूवर जुन्या मॉनिटरच्या, आणि ती वडी पोळीच्या डब्यात घालून ठाण्याला गेले.

स्टेशनबाहेर तेव्हा कॉम्प्युटरची दुकानं नवीनच उघडत होती. कालपर्यंत टेपरेकॉर्डर विकणारी माणसं पाटी बदलून बसली होती. पहिल्यानं साबण बघून आतल्या भागीदाराला हाक मारली, "अरे इधर आ, मॅडम साबुन लेके आयी है," आणि दोघं पोटभर हसले. हसून झाल्यावर मला नऊ पिनांचं काहीतरी दिलं. मी म्हटलं, "पिना मोजा." तर म्हणे, "चलेगा मॅडम, लगाके तो देखो." दुसऱ्यानं लांबलचक केबल दिली, तिची दोन्ही तोंडं तीन ओळींचीच. तोही म्हणाला चलेगा. या देशात त्या काळी केबल विकणाऱ्या माणसाला 'चलेगा' हा एक शब्द येत असला की त्याचं दुकान चालायचं, आणि आमच्या सोसायटीसमोरच्या मोबाइलवाल्याकडे गेलं की वाटतं, अजूनही त्यात फार भर पडलेली नाही. तिसऱ्या दुकानात माणूस फोनवर बोलत होता, त्यानं हातानंच कोपऱ्यातलं खोकं दाखवलं. बाहेरून आलेलं भंगार होतं. मी खाली बसून एकेक तुकडा साबणावर टेकवून बघत गेले. बरोबर बसणारा सापडला तेव्हा मी पैसे समोर ठेवले, दुकानदाराला फोन ठेवायलाही लावलं नाही.

घरी येऊन लावला. आधी चित्र तिरपं पळत होतं. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक बटणं होती, ती एकेक करून खालीवर करत गेले, आणि एका जुळणीला चित्र थांबलं. माझं मुखपृष्ठ त्यावर उघडलं. केशरी रंग मी मनात धरला होता त्यापेक्षा फारच भडक होता, आणि पणतीखालची सावली हिरवट दिसत होती. तरीही मी किती तरी वेळ नुसती बघत बसले. आईला बोलावलं. तिनं पदराला हात पुसून पडद्याला बोट लावलं आणि म्हणाली, "केशरी जरा कमी कर."

इकडे त्यांचा होकार आला होता. आत्यानं डेपोजवळच्या फोनवरून तो डोंबिवलीच्या अर्ध्या इमारतीला ऐकू जाईल असा कळवला. मला कोणी काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी श्रीरंग आईवडिलांना घेऊन बैठकीला आला. या वेळी अप्पांनी पेस्ट्र्यांबरोबर केकही आणला. अप्पा पाहुण्यांना गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, "बघा, तुमच्या मॉनिटरवर काम सुरू आहे." पडद्यावर मुखपृष्ठ होतं, केशरी आता बरोबर झाला होता.

श्रीरंग वडिलांना म्हणाला, "सी? मी त्या दिवशी लावून गेलो होतो. जरा लूज कनेक्शन होतं."

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते माहीत होतं. गेले काही दिवस ते माझ्या पाठीमागून जातायेता त्या रंगांकडे बघत होते. ते म्हणाले, "हो, हो. तज्ज्ञ माणसाचा हात लागला की फरक पडतोच."

"तुम्ही केबल लावली होती ती जॉयस्टिकची जागा होती," मी म्हटलं. "हा मी अडॅप्टर आणून लावलाय."

श्रीरंग मोठ्यानं हसला. "अडॅप्टर? अनावश्यक. कोणीतरी तुम्हाला टोपी घातली." आणि मला बाजूला सारून तो खाली वाकला, अडॅप्टर उपसला, केबल दोन ओळींच्या जागेत बसवली, स्क्रू आवळले आणि उठून उभा राहिला. पडदा काळा झाला होता. तो मॉनिटरच्या मागे उभा होता, त्यामुळे त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

"लाइट गेले वाटतं," त्याचे वडील म्हणाले. डोक्यावर ट्यूबलाइट चालू होती.

श्रीरंग म्हणाला, "यांनी काहीतरी सेटिंग बिघडवून ठेवलंय." मग माझ्याकडे बोट करून अप्पांना, "माझ्या घरी मी हिला यातल्या कशाला हात लावू देणार नाही, आधीच सांगतो."

त्याच्या दुसऱ्या हातात केकची बशी होती, अर्धा केक खायचा राहिला होता. आई पुढे आली, ती बशी तिनं त्याच्या हातातून काढून घेतली, आणि स्वैपाकघरात गेली.  नळ सोडल्याचा आणि बशी विसळल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "मला हे स्थळ नको."

पुढचा आरडाओरडा मी सांगत बसत नाही, कोणत्याही घरात होतो तसाच तो झाला. सांगण्यासारखं एवढंच की जाताना श्रीरंगनं मॉनिटर परत नेला. 'भेट' दिलेली वस्तू, पण नेली. रिक्षावाला कुठे दिसेना आणि वॉचमन जेवायला गेला होता, त्यामुळे ते धूड त्यानं तीन मजले स्वतःच्या पोटावर धरून उतरवलं, आणि त्याची आई पुढून 'सांभाळून रे, सांभाळून' करत होती. अडॅप्टर माझा होता, तो मी दिला नाही. श्रीरंग हल्ली घोडबंदर रोडला कुठल्याशा मोठ्या संकुलात राहतो, सोसायटीचा चेअरमन आहे आणि लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकला सूचना देतो, असं कानावर येतं. मला नवल वाटत नाही. लिफ्टमधल्या माणसांची काळजी वाटते.

दिवाळी अंक मी त्या एवढ्याशा काळ्यापांढऱ्यावरच पुरा केला. रंग आता मला पाठ झाले होते. मोकाशींनी वेळेवर छापला आणि दुसऱ्या वर्षीचा अंकही मलाच दिला. पण ते नंतर. आधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, नलूआत्या खोपटहून पहिली मिळेल ती गाडी पकडून आली. अप्पा पेपर उघडून खुर्चीत बसले होते. आई विळीवर नारळ खवत होती. आत्यानं चपलाही नीट काढल्या नाहीत.

"कुसुम, तू त्याच्या हातातली बशी काढून घेतलीस? एका वायरीपायी एवढं स्थळ घालवलंत? अगं, पुरुषमाणूस आहे, एखादी वायर चुकते! तुला पोरीला समजवता नाही आलं?"

आईनं नारळाची वाटी फिरवली. तिचा आवाज कधीच चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा तुम्हीही होतात. आमचा रेडिओ खरखरत होता, तो ह्यांनी दुरुस्त करायला घेतला. सगळा सोडवला, सतरंजीवर मांडला. माझे अण्णा म्हणाले, मुलगा हुशार दिसतो. तो रेडिओ पुन्हा कधी लागला नाही." तिनं खवलेलं खोबरं परातीत सारलं. "मी लहान होते. मला वाटलं, रेडिओचंच काहीतरी चुकलं असेल."

आत्यानं पिशवीतून आणलेली केळी बाहेर काढली होती, ती हातात तशीच राहिली. अप्पांनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.